अपकार आणि विनय : श्रीतुकोबारायांच्या देहूतील एक प्रकरण

मनुष्याच्या शीलाची परीक्षा शत्रूपुढे होते, असे सामान्यतः म्हटले जाते. साधकाच्या बाबतीत मात्र ती बहुधा आप्तांपुढे, शेजाऱ्यांपुढे आणि सहसाधकांपुढे होत असते. ज्याच्याकडून अपकाराचीच अपेक्षा असते, त्याच्याविषयी मन आधीपासून सावध असते. परंतु जो आपल्या ओसरीवर बसला, आपल्या पंगतीला जेवला, आपल्याबरोबर टाळ घेऊन भजनास उभा राहिला, त्यानेच घात केला म्हणजे माणसांवरचा आणि त्यामागोमाग देवावरचाही विश्वास डळमळू लागतो. भाऊबंदकी, वाटण्या, देवस्थानांतील मानापमान, गुरुबंधूंमधील दुरावा यांपैकी एकही अनुभव ज्याच्या वाट्याला आला नाही, असे घर विरळाच. अशा वेळी आपली श्रद्धा आपल्याकडून कशाची अपेक्षा करते, याचा विचार इतिहासाच्या आधारे करणे प्रत्येक भक्ताला उपयोगी पडावे.

हुबळी-धारवाडचा हा प्रदेश दोन भाषांच्या संगमावर वसलेला आहे. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि आजही रायापूरच्या परिसरात कन्नड वचनाशेजारी मराठी अभंग परका वाटत नाही. जमखंडीत जन्मलेले गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांनी महाराष्ट्रातील संतांवर जितक्या आस्थेने लिहिले, तितक्याच आस्थेने कर्नाटकातील संतांचाही विचार केला. म्हणून इंद्रायणीकाठी घडलेले एक प्रकरण येथील वाचकांपुढे ठेवण्यात काहीच अप्रस्तुत नाही. शिवाय या प्रकरणातील एक महत्त्वाचा साक्षीदार देहूला पोहोचला तो आपल्याच सीमेलगतच्या कोल्हापुराहून.

प्रकरणाचे साक्षीदार

श्रीतुकोबारायांचे (१६०८–१६५०) चरित्र बहुतेकांना ठाऊक आहे ते ताहराबादच्या महिपतींच्या रसाळ ओव्यांतून. ‘भक्तविजय’ हा महिपतींचा ग्रंथ १७६२ सालचा आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ सालचा. म्हणजे तुकोबांच्या निर्याणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी ही चरित्रे रचली गेली. महिपती भक्त होते आणि भक्तांसाठी लिहीत होते. म्हणून त्यांच्या कथांचा शेवट बहुधा समाधानात होतो.

परंतु या प्रकरणात महिपतींखेरीज आणखी तीन साक्षी उपलब्ध आहेत, आणि त्या तिन्ही समकालीनांच्या आहेत. पहिली खुद्द तुकोबांच्या अभंगांची. दुसरी वाघोलीच्या रामेश्वरभट्टांची. ते आरंभी विरोधक होते व पुढे शिष्य झाले. तिसरी संत बहिणाबाईंची (१६२८–१७००). त्यांनी आपले आत्मचरित्र अभंगांतून सांगितले असून देहूतील वास्तव्याचे प्रत्यक्ष वर्णन त्यात केले आहे. या साऱ्या साक्षी शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे परिचित कथेचा एक अपरिचित अर्थ हाती येतो.

पूर्वतयारी

देहूचे आंबिले घराणे वाण्याचा व्यवसाय करणारे, आणि विठ्ठलाची उपासना त्यांच्याकडे वंशपरंपरेने चालत आलेली होती. आईवडील लवकर गेले, थोरले बंधू विरक्त होऊन घर सोडून गेले आणि प्रपंचाचा भार कोवळ्या वयात तुकोबांवर पडला. १६३० सालच्या सुमारास जो भीषण दुष्काळ पडला, त्यात त्यांची प्रथम पत्नी व मुलगा ही दोन्ही गेली. व्यापार बुडाला. महिपती सांगतात की, याच काळात एका लबाडाने सोन्याचा मुलामा दिलेले पितळी कडे सोन्याचे म्हणून त्यांच्या गळ्यात मारले आणि व्यवहारातून मिळालेले द्रव्य घेऊन तो पसार झाला.

याहून महत्त्वाची आहे ती खतांची गोष्ट. घराण्याच्या सावकारीची खते घरात पडून होती. तुकोबांनी ती बाहेर काढली आणि अर्धी धाकट्या भावाला, कान्होबांना, वाटणी म्हणून दिली. आपल्या वाट्याची अर्धी त्यांनी इंद्रायणीत सोडली. या कृतीतील विवेक पाहण्यासारखा आहे. स्वतःचा हक्क सोडण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो, दुसऱ्याचा हक्क सोडण्याचा नसतो. वैराग्याच्या भरात सारीच खते बुडवली असती, तर भावाच्या संसारावर अन्याय झाला असता. पुढे जो विनय मंबाजींपुढे प्रकट झाला, त्याचा पाया येथे घातला गेला. ज्याने कागदावरचे येणे सोडून दिले होते, त्याला पुढे अपमानाचे येणे वसूल करण्याची इच्छा उरली नाही.

काटेरी कुंपण

मंबाजी गोसावी हे देहूतच राहणारे. विठ्ठलमंदिराला लागून त्यांचे स्थान होते आणि सभोवती त्यांनी लहानशी बाग केली होती. तुकोबांच्या कीर्तनाला ते नित्य येत असत. मात्र लोकांचा ओढा तुकोबांकडे वाढू लागला तसा त्यांच्या मनात मत्सर साठत गेला, असे महिपती म्हणतात. एके दिवशी तुकोबांच्या घरची म्हैस त्या बागेत शिरली आणि तिने झाडांची नासाडी केली. मंबाजींनी शिवीगाळ केली; तुकोबा गप्प राहिले. पुढे एकादशी आली. यात्रेकरूंची दाटी होणार आणि बागेच्या काटेरी कुंपणाच्या फांद्या तर प्रदक्षिणेच्या वाटेवर आलेल्या. कोणाच्या पायात काटा जाऊ नये म्हणून तुकोबांनी त्या बाजूला सारल्या. तेवढे निमित्त मंबाजींना पुरले. त्याच काटेरी फांद्या उचलून त्यांनी तुकोबांना मोडेस्तोवर झोडपले.

रात्री कीर्तन उभे राहिले. नित्य येणारा एक श्रोता आज आलेला नाही, हे तुकोबांच्या ध्यानात आले. ते स्वतः मंबाजींच्या घरी गेले, त्यांना दंडवत घातला, कुंपणाला हात लावला ही चूक आपलीच असे म्हणाले, आणि मारताना आपले हात दुखले असतील म्हणून त्यांचे अंग चेपू लागले. मंबाजी ओशाळले आणि उठून कीर्तनाला आले, असे महिपती सांगतात.

ही कथा शेकडो कीर्तनांतून सांगितली गेली आहे. ऐकताना श्रोत्यांचे डोळे पाणावतात, आणि संतांनाच हे शक्य, असे म्हणून ते घरी जातात. परंतु तुकोबांचे स्वतःचे उद्गार वाचले म्हणजे ही पळवाट बंद होते. या प्रसंगावरील त्यांच्या अभंगांत देवाला उद्देशून ते जे म्हणतात त्याचा आशय असा : अंगी क्षमा खरोखर आली आहे की नाही, हे पाहण्यासाठीच तू मला काट्यांनी झोडविलेस, शिव्यांना काही सीमा राहिली नाही, पण क्रोधाच्या तावडीतून तू मला सोडविलेस. येथे ‘मला क्रोध आलाच नाही’ असा दावा नाही. क्रोध दाराशी आला होता, वेदना खरी होती, अपमान कळत होता. सुटका झाली ती देवाच्या आधाराने, एवढेच त्यांचे म्हणणे. श्रद्धेचे कार्य नेमके कोठे सुरू होते, ते येथे दिसते. आपले सारे गाऱ्हाणे जो विठ्ठलापुढे मांडू शकतो, त्याला ते मारणाऱ्याच्या पाठीवर मांडण्याची गरज उरत नाही. तुकोबा पांडुरंगाशी भांडले, रुसले, त्याला टाकून बोलले. मंबाजींच्या घरी गेले तेव्हा मात्र त्यांचे हात रिकामे होते.

कोल्हापुराहून आलेली साक्ष

बहिणाबाईंचा जन्म वेरूळजवळील देवगावचा. बालपणीच त्यांचा विवाह शिवपूरच्या पाठक घराण्यातील, वयाने पुष्कळ मोठ्या असलेल्या बिजवराशी झाला. पुढे भाऊबंदांचा कलह इतका विकोपाला गेला की आईवडील, जावई व ही बालिका या सर्वांनाच गाव सोडावे लागले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर अशी भटकंती करीत हे कुटुंब कोल्हापूरला आले. तेथे त्यांना दानात एक गाय मिळाली, आणि तिच्या वासराचा या मुलीला विलक्षण लळा लागला. वासरू तिच्यामागोमाग जयरामस्वामींच्या कीर्तनाला जाई. एकदा गर्दीत वासराला बाहेर हाकलले, तेव्हा जयरामस्वामींनी त्याला परत बोलावून घेतले आणि त्या दोघांच्याही मस्तकावरून हात फिरविला. गावात चर्चा झाली. पतीला तो आपला अपमान वाटला. त्याने पत्नीला मारहाण करून बांधून ठेवले. थोड्याच दिवसांत वासरू गेले. त्या दुःखाच्या ग्लानीत, १६४० साली, बहिणाबाईंना तुकोबांचे दर्शन घडले. त्यांना त्यांनी तोवर पाहिलेही नव्हते. केवळ अभंग ऐकले होते.

पतीचा राग याने अधिकच भडकला. वेदपाठी ब्राह्मणाच्या पत्नीने एका शूद्राला गुरू मानावे, हे त्याला सहन होईना, आणि पत्नीला टाकून निघून जाण्याचा त्याने निश्चय केला. इतक्यात तो आजारी पडला. त्या दुखण्यात बहिणाबाईंनी त्याची अहोरात्र सेवा केली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला पश्चात्ताप झाला आणि बरे झाल्यावर तो स्वतःच कुटुंबाला घेऊन देहूला निघाला.

देहूत या मंडळींची गाठ मंबाजींशी पडली. या ब्राह्मण कुटुंबाने आपले शिष्यत्व पत्करावे, असे मंबाजींना वाटत होते. ते तुकोबांनाच नमस्कार करतात हे पाहून मंबाजी संतापले. पुण्याच्या आपाजी गोसाव्यांना पत्र पाठवून, एक शूद्र कीर्तन करतो आणि ब्राह्मण त्याच्या पाया पडतात, तेव्हा याचे शासन झाले पाहिजे, अशी तक्रार त्यांनी केली. एवढ्यावर न थांबता बहिणाबाईंची गाय पकडून आपल्या घरात कोंडली आणि तिला चाबकाने मारले. त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, असे बहिणाबाई श्रद्धेने सांगतात. पुढे मंबाजींच्या घराला आग लागली आणि गाय सुटली.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. महिपतींच्या कथेत मंबाजी ओशाळतात व कीर्तनाला येतात. कथा तेथे गोड होते. बहिणाबाईंनी रेखाटलेले मंबाजी मात्र शेवटपर्यंत विरोधकच आहेत. अंग चेपणारे तुकोबांचे हात मंबाजींचे मन कायमचे पालटू शकले, असे या साक्षीवरून दिसत नाही. लाज एका रात्रीची असू शकते. मत्सर पुष्कळदा सकाळी पुन्हा उठतो. असे असूनही तुकोबांनी प्रतिकारासाठी कोणाला पत्र लिहिले नाही, कोणाचे घर कोंडले नाही, आणि कीर्तनही थांबविले नाही.

पालटलेला विरोधक

याच देहूच्या कथेत दुसरे एक उदाहरण आहे, आणि ते नेमके उलट आहे. रामेश्वरभट्ट विद्वान होते. शूद्राच्या मुखातून प्राकृतात वेदार्थ प्रकट होतो, ही गोष्ट त्यांना शास्त्रविरुद्ध वाटली. त्यांच्या खटपटीने तुकोबांवर गाव सोडण्याची पाळी आली आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविण्याचा आदेश झाला. तुकोबांनी आदेश पाळला, परंतु त्यानंतर ते तेरा दिवस नदीकाठच्या शिळेवर निर्वाण मांडून बसले. वह्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरेची श्रद्धा आहे. इकडे अनगडशहा फकिराच्या शापाने रामेश्वरभट्टांच्या अंगाचा दाह होऊ लागला, आणि तुकोबांनी पाठविलेल्या अभंगाने तो शमला, असे चरित्रकार सांगतात.

चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. परंतु एक गोष्ट निःसंशय आहे. वह्या बुडविण्याचे निमित्त झालेले रामेश्वरभट्ट तुकोबांचे भक्त झाले. तुकोबांची जी आरती आज मंदिरोमंदिरी म्हटली जाते, तिच्यात नाममुद्रा आहे ती याच रामेश्वरांची. विद्येचा अभिमान बाळगणारा पंडित आपला पराभव स्वतःच्या नावानिशी आरतीत गातो, ही घटना वह्या तरण्याहून कमी अद्भुत नाही.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवावीत. तुकोबांचा विनय दोघांपुढे सारखाच होता. एकाचे अंतःकरण पालटले, दुसऱ्याचे पालटले नाही. यावरून निष्कर्ष निघतो तो असा की, विनय हे प्रतिपक्षाला जिंकण्याचे साधन नव्हे. तसे असते तर मंबाजींच्या बाबतीत तुकोबांचा विनय वाया गेला असे म्हणावे लागेल. परंतु तो वाया गेला नाही. कारण त्याने जे घडवायचे ते तुकोबांच्या ठिकाणी घडविले. ज्या रात्री मंबाजींचे अंग चेपले गेले, त्या रात्री देहूच्या कीर्तनात उभा राहिलेला वक्ता सकाळच्या माराने कडवट झालेला नव्हता. श्रोत्यांना जे मिळाले ते निर्मळ मिळाले, आणि त्याचा ओघ साडेतीनशेहून अधिक वर्षे चालू आहे.

अभय आणि नातिमानिता

श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची सव्वीस लक्षणे सांगितली आहेत. त्यांचा क्रम चिंतनीय आहे. आरंभी ‘अभय’ आहे आणि अखेरीस ‘नातिमानिता’, म्हणजे स्वतःविषयी अतिरिक्त मोठेपणाची भावना नसणे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना मात्र प्रारंभच ‘अमानित्वा’ने होतो, आणि ज्ञानेश्वर महाराजांनी त्या एका पदाचा किती प्रेमाने विस्तार केला आहे, हे ज्ञानेश्वरीच्या वाचकांस सांगावयास नको. सोळाव्या अध्यायातील या दोन टोकांचा परस्परसंबंध ध्यानात घेतला नाही, तर विनयाचा अर्थ चुकतो. ज्याच्या ठिकाणी अभय नाही, त्याचे नमणे हे भित्रेपण असते. आणि ज्याच्या ठिकाणी नम्रता नाही, त्याचे धैर्य हा उद्दामपणा असतो.

तुकोबा नमले, परंतु अभंगरचना सोडली नाही. बहिणाबाईंनी पतीची सेवा केली, परंतु मारहाण सोसूनही गुरुनिष्ठा सोडली नाही. सत्याचा त्याग करून मिळविलेली शांतता त्यांना मान्य नव्हती. म्हणून या कथा सांगताना एक सावधगिरी अवश्य पाळावी. त्यांतून मारणाऱ्याच्या हाताला प्रतिष्ठा मिळता कामा नये. दुर्बळावर, विशेषतः स्त्रीवर, अत्याचार होत असता तिला केवळ सहनशीलतेचा उपदेश करणे हा संतचरित्राचा विपर्यास आहे. क्षमा ही ज्याच्यावर अपकार झाला त्याने स्वेच्छेने द्यावयाची वस्तू आहे. अपकार करणाऱ्याने ती मागून घ्यावयाची किंवा तिऱ्हाइताने लादावयाची नव्हे. अन्यायाचे निवारण करणे आणि अन्याय करणाऱ्याविषयी द्वेष न बाळगणे, ही दोन्ही कर्तव्ये एका वेळी पाळता येतात. काटेरी फांद्या वाटेतून दूर करणारे तुकोबा आणि मंबाजींचे हात चेपणारे तुकोबा एकच होते.

हुबळीचा दाखला

या परंपरेचा दाखला शोधण्यासाठी देहूपर्यंतच जावे लागते असे नाही. श्रीसिद्धारूढ स्वामी (१८३६–१९२९) हुबळीस आले, तेव्हा आरंभीच्या काळात येथील लोकांनी त्यांची टवाळी केली, पोरांनी त्यांच्यावर दगडधोंडे व घाण फेकली, असे वर्णन त्यांच्या चरित्रांत येते. स्वामी शांत राहिले, आणि कन्नड व मराठी, अशा दोन्ही भाषांतील मुमुक्षू जन त्यांच्या पायाशी एकत्र बसू लागले. २०२० साली हुबळीच्या रेल्वेस्थानकाला त्यांचेच नाव देण्यात आले. ज्या गावाने एकेकाळी त्यांना हिणवले, त्या गावात उतरणारा प्रत्येक प्रवासी आज त्यांचे नाव वाचत उतरतो.

तरीही फळाकडे बोट दाखवून विनयाची थोरवी सांगणे योग्य होणार नाही. स्थानकाला नाव मिळाले नसते, तरी स्वामींची शांती उणी ठरली नसती. मंबाजी कधीच पालटले नसते, तरी तुकोबांचा दंडवत खोटा ठरला नसता. दैवी संपत्ती एका दिवसात प्राप्त होत नाही. कोणी अर्धी खते पाण्यात सोडतो, कोणी रुग्णाच्या उशाशी रात्र काढतो, कोणी आपला पराभव आरतीत गातो; अशा लहानमोठ्या कृतींनी ती साठत जाते.

वर्धापनाच्या उत्सवात मठाच्या आवारात पंगती बसतात. त्या पंगतीत एखादी जागा रिकामी असते. वाटणीवरून दुरावलेला भाऊ, शब्दावरून रुसलेला गुरुबंधू, घेतलेले परत न करणारा शेजारी, यांपैकी कोणी तरी आलेला नसतो. तो आला नाही म्हणून कीर्तन थांबत नाही, आणि थांबूही नये. परंतु कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी तुकोबांनी एकदा श्रोत्यांकडे पाहिले होते, आणि आपल्याला मारणाराच आज आला नाही, हे त्यांना जाणवले होते. ते त्याच्या घरापर्यंत चालत गेले. तेवढे अंतर चालून जाणे प्रत्येक भक्ताच्या हातात आहे. पुढचे श्रीगुरूंच्या कृपेवर सोपवावे.